ढगांचा वाफसा

‘कृत्रिम पाऊस’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यातली चूक आता कुणाला टोचत नाही. शब्द ऐकला की वाटतं, विमान कोरड्या आकाशात जातं, काहीतरी फवारतं आणि नसलेलं पाणी खाली येतं. असं जगात कुठेही झालेलं नाही. ‘ढगांत पेरणी’ हा शब्द त्यापेक्षा खरा, कारण आपल्या शेतकऱ्याच्या मनात पेरणीला एक अट जोडलेली असते: रान वाफशावर आलं पाहिजे. बी कितीही चांगलं असो, मातीत ओल नसेल तर ते तसंच पडून राहतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत 70हून अधिक वर्षं हिवाळी ढगांत पेरणी चालली आहे. तिचं यश कशात आहे आणि तिची मर्यादा कुठे आहे, हे समजून घ्यायला मला वाफशाइतका नेमका शब्द दुसरा सापडत नाही.

त्या ढगांचा वाफसा म्हणजे काय? पॅसिफिक महासागरावरून आलेला ओला वारा हिवाळ्यात डोंगर चढतो आणि गारठतो. त्यातले बारीक थेंब शून्य अंशाच्या खाली जातात, तरी गोठत नाहीत. शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे 38 अंशांपर्यंतही पाणीच राहू शकतो. गोठायला त्याला आधार हवा असतो, धुळीचा एखादा योग्य कण. असे कण कमी असले तर पाण्याने भरलेला ढग डोंगरमाथा ओलांडतो आणि पलीकडच्या उतारावर विरून जातो. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या स्फटिकाशी फार जवळची आहे, म्हणून साधारण उणे सहा अंशांपासून तो थेंबांना फसवू शकतो. बर्फाचा एक कण तयार झाला की तो आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेतो, जड होतो आणि हिम होऊन पडतो.

हा शोध न्यूयॉर्क राज्यातल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतला. 1946च्या जुलैमध्ये व्हिन्सेंट शेफर यांनी शीतपेटीत कोरड्या बर्फाचा तुकडा टाकला आणि त्यांच्या श्वासाच्या वाफेतून हिमकण चमकले. नोव्हेंबरमध्ये ते विमानातून खऱ्या ढगावर गेले. त्याच महिन्यात त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड शोधलं. त्यानंतर काही वर्षांतच कॅलिफोर्नियातल्या वीज कंपन्या आपल्या पाणलोटावर पेरणी करू लागल्या. आज युटा, कोलोरॅडो, आयडाहो, वायोमिंग या राज्यांत डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला बर्नर उभे असतात. द्रावणात विरघळवलेलं सिल्व्हर आयोडाइड प्रोपेनच्या ज्योतीत जळतं, तासाला जेमतेम काही ग्रॅम, आणि वारा ते वर नेतो. पूर्वी खोऱ्यात राहणारा एखादा शेतकरी फोन आला की जाऊन बर्नर पेटवायचा. आता बरेचसे दूरवरूनच पेटवले जातात.

पाऊस सोडून हिमाच्या मागे एवढं लागायचं कारण काळाशी निगडित आहे. पाऊस पडला की वाहून जातो. हिम थांबतं. नोव्हेंबर ते एप्रिल डोंगरावर साचणारा हिमसाठा म्हणजे भिंत न बांधलेलं धरण. ते हिवाळ्यात भरतं आणि एप्रिल ते जुलै, नेमकी पिकांना तहान लागते तेव्हा, हळूहळू रितं होतं. कोलोरॅडो नदीवर चार कोटी माणसं अवलंबून आहेत, आणि तिचं बहुतेक पाणी याच धरणातून येतं.

मात्र पेरणी खरोखर लागू पडते का, हा प्रश्न अनेक दशकं अनुत्तरित होता. अडचण सोपी आणि भयंकर होती. पेरलेल्या ढगातून हिम पडलं, पण पेरलं नसतं तर किती पडलं असतं? तो ढग परत येत नाही. दोन वादळं कधी सारखी नसतात, आणि निसर्गाचा स्वतःचा चढउतारच एवढा मोठा की दहा-पंधरा टक्क्यांची भर त्यात बुडून जाते. वायोमिंगने याचं उत्तर शोधण्यासाठी शेजारशेजारच्या दोन पर्वतरांगा निवडल्या, मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे. प्रत्येक योग्य वादळात कुठल्या रांगेवर पेरायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं, दुसरी रांग तुलनेसाठी तशीच ठेवायची. सहा हिवाळे हे चाललं. आकडेवारीतून वाढ निघाली सुमारे 3 टक्के, आणि ती निव्वळ योगायोग असण्याची शक्यता 28 टक्के. बाकीचे पुरावे आणि संगणकी प्रतिमानं जोडून शास्त्रज्ञांनी अहवालात अंदाज दिला की योग्य वादळांत 5 ते 15 टक्के भर पडत असावी. पण योग्य वादळं किती? साधारण तीसच टक्के. दहा टक्के वाढ धरली आणि ती फक्त तीस टक्के वादळांनाच लागू केली, तर हंगामाच्या हिमात भर पडते तीन टक्क्यांची. मला या अहवालाबद्दल फार आदर वाटतो. सरकारी पैशावर वर्षानुवर्षं काम करून इतकं अवघडलेलं उत्तर प्रामाणिकपणे छापायला धैर्य लागतं.

आणि मग आयडाहोत 19 जानेवारी 2017चा दिवस आला. पेएट नदीच्या खोऱ्यावर एक विमान एकाच रेषेवर पुढे-मागे फिरत पेरत होतं आणि वारा त्या रेषेला आडवा वाहत होता. त्यामुळे बी आकाशात नागमोडी पसरलं. डोंगरावर रडार लावून बसलेल्या शास्त्रज्ञांना थोड्या वेळाने पडद्यावर हिमाच्या रेषा दिसू लागल्या, तशाच नागमोडी, तशाच ठरावीक अंतराने वळणाऱ्या. निसर्ग असं हिम पाडत नाही. 70 वर्षं संख्याशास्त्रात अडकलेला प्रश्न त्या वळणांनी डोळ्यांना दिसेल असा सोडवला. ती प्रतिमा मी कितीदा पाहिली आहे, आणि दरवेळी शेतात तिफणीमागे उमटणाऱ्या तासांची आठवण होते.

त्याच जानेवारीतल्या तीन पेरण्यांचा हिशेब शास्त्रज्ञ कात्या फ्रीडरिश आणि सहकाऱ्यांनी 2020मध्ये मांडला. 20 मिनिटांच्या पेरणीतून सुमारे 1 लाख 20 हजार घनमीटर पाणी मिळालं, 86 मिनिटांच्या पेरणीतून 2 लाख 40 हजार आणि 24 मिनिटांच्या पेरणीतून 3 लाख 40 हजार. साडेतीनपट वेळ पेरलं तरी पीक कमी येऊ शकतं, याहून वाफशाचा दुसरा पुरावा कशाला हवा? हे दिवस मुद्दाम असे निवडले होते की नैसर्गिक हिम अगदी थोडं असेल, म्हणजे पेरलेलं वेगळं ओळखू यावं. त्यामुळे हे आकडे साऱ्या हिवाळ्याला लावता येत नाहीत.

हे पाणी आपल्या ओळखीच्या मापात घालून पाहू. तिन्ही पेरण्यांचं मिळून होतं 0.025 टीएमसी. आता कोलोरॅडो नदीचा हिशेब. 1922च्या करारात सात राज्यांनी पाणी वाटून घेतलं ते ओल्या वर्षांच्या मोजणीवर विसंबून. 1944मध्ये मेक्सिकोचा वाटा त्यात आला आणि कागदावरचं पाणी झालं सुमारे 719 टीएमसी. 2000नंतर नदीत सरासरी आलं साधारण 540. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पेरणीची खरी जागा कळते. 180 टीएमसीची तूट ढगातून भरून निघणार नाही, कितीही बर्नर लावले तरी. या खोऱ्यात माणसं जेवढं पाणी वापरतात त्यातलं जवळजवळ निम्मं जनावरांच्या चाऱ्याला जातं, मुख्यतः लसूणघासाला. खोऱ्यातली सगळी शहरं आणि कारखाने मिळूनही तेवढं पाणी पीत नाहीत. मराठवाड्यात टँकरच्या रांगा आणि उसाचे फड शेजारी पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडेही पेरणीचा अभ्यास जुना आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 1973 ते 1986 या काळातल्या 11 पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात ढगांत मीठ पेरलं आणि 24 टक्के वाढ नोंदवली. पुढे 2018 आणि 2019मध्ये सोलापूरला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या भागात 18 टक्के वाढ दिसली. पण ते ढग वेगळे. पावसाळी, उकळल्यासारखे वर जाणारे, तासाभरात जन्मून मरणारे. डोंगराला टेकून तासन्‌तास उभ्या असलेल्या हिवाळी ढगाचा अनुभव त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय दुष्काळात, आभाळ निरभ्र असताना, विमानाची मागणी होते. याला आपल्या भाषेत धूळपेरणी म्हणतात, आणि ती कुणाच्या भरवशावर केली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. युटा किंवा आयडाहोत पेरणी दरवर्षी होते, चांगल्या वर्षीसुद्धा, कारण साठवण चांगल्या वर्षीच करायची असते.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती मात्र मालकीची गोष्ट. युटाने 1973मध्ये कायदा केला की पेरणीतून आलेलं पाणी राज्याच्या नैसर्गिक पाण्यासारखंच धरलं जाईल आणि त्याला तेच नियम लागू होतील. म्हणजे पेरणाऱ्याचा त्यावर वेगळा हक्क नाही. खाली वाळवंटातल्या नेवाडा, ॲरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाणीसंस्था शेकडो किलोमीटर वरच्या कोलोरॅडो आणि वायोमिंगच्या डोंगरांतल्या पेरणीला पैसे देतात. तिथे पडलेलं हिम वितळून प्रथम दुसऱ्यांच्या शेतांतून, पाटांतून, बंधाऱ्यांतून जातं. कुठला थेंब आपल्या पैशाचा, हे त्यांना कधीच सांगता येणार नाही. ज्या नदीच्या वाट्यावरून ही राज्ये शंभर वर्षं न्यायालयात भांडत आली, तिच्यात ओळखू न येणारं पाणी घालायला ती एकत्र पैसे काढतात. इतक्या थोड्या पाण्यासाठी खर्च का, असं विचारणाऱ्यांना मी हे दाखवीन.

न मोजता येणाऱ्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. जून 1972मध्ये साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत पूर आला, 238 माणसं गेली. त्याच दिवशी त्या भागात पेरणीचा प्रयोग झाला होता. पूर पेरणीने आला नव्हता, पण शंका कायमची चिकटली. जुलै 2025मध्ये टेक्सासच्या ग्वाडालूप नदीच्या पुरात शंभराहून अधिक जीव गेले, आणि दोन दिवसांपूर्वी दूरवर झालेल्या एका छोट्या पेरणीवर लोकांनी बोट ठेवलं. एवढ्या पावसाला लागणारं बाष्प कुठलाही बर्नर आणू शकत नाही, हे हवामानशास्त्रज्ञ सांगत राहिले. टेनेसी आणि फ्लोरिडाने तर त्याआधीच पेरणीवर बंदी घातली होती. हिमाचं श्रेय ज्याला मोठ्या आवाजात घ्यायचं असतं, त्याच्या दारात पुराचा दोषही येऊन उभा राहतो. कोलोरॅडोत हिमसाठा ठरावीक मर्यादेपुढे गेला किंवा हिमकडे कोसळण्याचा धोका वाढला की पेरणी थांबवावी लागते. हा नियम मला पेरणीच्या तंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

2007मध्ये ठरलेले कोलोरॅडोच्या पाणीवाटपाचे नियम 2026मध्ये संपत आहेत. सात राज्यांना आता पुन्हा बसून ठरवायचं आहे की कमी झालेल्या नदीत कुणी किती सोडायचं. त्या टेबलावर पेरणीचे दोन-तीन टक्के कुणीतरी मांडील, आणि मांडावेतच. ते खरे आहेत. लसूणघासाची रानं किती कमी करायची हा आकडा मात्र त्यांच्या आधी मांडला गेला पाहिजे, कारण तो ठरवायला कुठल्याही ढगाची वाट पाहावी लागत नाही.