खोकल्यापुढचा निषाद

माझ्याकडे कुमार गंधर्वांच्या एका खासगी बैठकीची कॅसेट आहे. साठ मिनिटांची. वर बॉलपेननं 'भीमपलास' एवढंच लिहिलंय. कॉपीवरून कॉपी केलेली, त्यामुळे तंबोऱ्यांच्या मागे सतत खरखर. विलंबित संपत येताना श्रोत्यांतलं कुणीतरी खोकतं. कोरडा, आवरू पाहिलेला खोकला.

वीस वर्षं ती कॅसेट ऐकली. मग एकदा त्यांच्या दुसऱ्या मैफलीतला भीमपलास ऐकायला मिळाला. बंदिश तीच. एका जागेपाशी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. पुन्हा ऐकलं, तेव्हा उमगलं. तिथे खोकला आला नव्हता.

मला भीमपलास पाठ नव्हता. कॅसेट पाठ होती.

*

वेड खरं असतं, हे आधी सांगायला हवं. ज्याला कुणाच्याच गाण्याचं वेड लागलं नाही, तो उंबऱ्यावर उभा राहून 'छान आहे' म्हणतो आणि निघून जातो. मला हात धरून आत नेलं ते कुमारजींनी. तंबोरा लावणं हेही गाणंच आहे, हे त्यांच्या तंबोऱ्यांनी शिकवलं. हे ऋण फिटणारं नाही.

पण ज्यानं आत नेलं त्याचा हात सोडल्याशिवाय घर पाहून होत नाही.

*

भक्ताला तेच पुन्हा हवं असतं. गाणाऱ्याला तेच पुन्हा नको असतं. दोघांमधला हा झगडा गाणाऱ्याला रोज जाणवतो, भक्ताला कधीच नाही.

*

बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. ऐकणारे थक्क व्हायचे. 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला त्याच वयात मिळालं. नाव झालं, टाळ्या मिळाल्या. तिथेच थांबला असता तरी कुणी बोल लावला नसता. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तो शिकला. राग म्हणजे काय, स्वर तिथेच का लागतो, हे प्रश्न पडू लागले. जसंच्या तसं गाणं मागे पडलं, आणि ज्यांना आपण कुमार गंधर्व म्हणतो ते तिथून सुरू झाले.

ज्यांनी नक्कल टाकून दिली, त्यांचाच शब्दन् शब्द आम्ही घोकत बसलो.

*

क्षयानं गाठल्यावर 1948 मध्ये ते मुंबई सोडून देवासला गेले. सुमारे पाच वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या मालव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली, आणि त्या धुनांमधून पुढे त्यांचे धुनउगम राग आले. एक फुप्फुस मात्र कामातून गेलं. परतलेल्या गाण्यात छोटे छोटे तुकडे होते, मध्येच सोडलेला स्वर होता, त्यानंतरची शांतता होती. श्वास जेवढा उरला होता, तेवढ्यात त्यांनी गाणं उभं केलं.

मग दोन्ही फुप्फुसं धडधाकट असलेले गाणारेही तसाच स्वर तोडू लागले, आणि 'अगदी कुमारजी!' म्हणत आम्ही माना डोलावल्या. दुसऱ्याच्या जखमेवरची पट्टी आपल्या हाताला बांधून हिंडावं, तसं ते होतं.

*

भक्तीची किंमत पुष्कळदा शेजारच्या माणसाला मोजावी लागते.

घरात बाबा भीमसेन जोशींचे भक्त आणि मी कुमारांचा. त्यांनी भीमसेन लावले की मी खोलीतून उठायचो. ते काही बोलायचे नाहीत. फक्त आवाज थोडा कमी करायचे.

ते गेल्यावर त्यांच्या कॅसेट माझ्याकडे आल्या. एका संध्याकाळी त्यातली एक लावली. एकाच दमात सप्तकं ओलांडून समेवर येणारी ती तान मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ज्यांना सांगायचं ते नव्हते.

भीमसेन जोशी 1922 चे, कुमार गंधर्व 1924 चे. दोघंही कन्नड घरांत जन्मलेले. दोघं आपापलं गात राहिले. पक्ष आम्ही काढले.

*

बालगंधर्वांवर कुमारजींचं अतोनात प्रेम. त्यांची पदं घेऊन त्यांनी कार्यक्रम केला आणि त्याला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या काळी महाराष्ट्रात घरोघरी बालगंधर्वांचे भक्त होते. एक हरकत इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. अशा वेळी हा माणूस 'मला उमजलेले' म्हणाला.

पाठ करायला नुसती स्मरणशक्ती पुरते. उमजायला आपण स्वतः तिथे असावं लागतं.

प्रेम कसं करावं, हे माझ्या दैवतानं कार्यक्रमाच्या नावातच लिहून ठेवलं होतं. मी दैवताकडे पाहत राहिलो, नाव वाचलंच नाही.

*

वेड ओसरू लागतं तेव्हा आधी अपराधी वाटतं. आपण कृतघ्न झालो, कोरडे झालो असं वाटतं. तसं नसतं. पूर्वी मी कुमारजींना ऐकत होतो. आता ते काय गाताहेत ते ऐकतो. त्यांची एखादी बैठक जमली नसेल, तर जमली नाही असं म्हणता येतं. मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना, किशोरीताई आमोणकर ऐकताना मनात तुलनेचा तराजू धरावा लागत नाही. आणि दाद आधीपासून ओठांवर तयार नसते, म्हणून आली की खरी येते.

ज्या कानांनी मी आज दुसऱ्यांना ऐकतो, ते कान कुमारजींनीच घडवले. त्या कानांवर त्यांनी मालकी सांगितली नव्हती. ती मीच त्यांच्या नावे करून दिली होती.

*

परवा ती कॅसेट पुन्हा काढली. फीत सैल झाली होती, पेन्सिल घालून घट्ट केली. लावली. तंबोरे, खरखर, विलंबित. खोकला आला.

त्याच्या लगोलग पुढे एक कोमल निषाद आहे. षड्जाकडे झुकलेला, जेमतेम टेकवून सोडलेला. मी खोकल्याची वाट पाहायचो आणि तो आला की सैलावायचो. तेवढ्यात हा स्वर निघून जायचा.

कुमारजी 12 जानेवारी 1992 रोजी देवासमध्ये निवर्तले. तो निषाद त्या फितीवर पहिल्या दिवसापासून होता.