वाचलेले मीटर कुणाचे?

हॅचबॅकचा ब्रेक पॅड हाताच्या पंजात सहज मावतो. पोलादी पत्रा, त्यावर घट्ट बसवलेला घर्षणद्रव्याचा जेमतेम सेंटिमीटरभर थर, आणि बऱ्याच पॅडवर कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. रायपुरात आय-ट्वेंटी एन लाइन घेतलेला किंवा जुनी पोलो जीटी जिवापाड जपणारा कुणी मूळचे पॅड काढून भारीतले बसवायला निघतो, तेव्हा बोलणं होतं ते या अक्षरांवर, चाकावर बसणाऱ्या काळ्या भुकटीवर, करकरीवर आणि किमतीवर. ते व्हायलाच हवं. पण या खरेदीच्या पोटात एक जुना धर्मप्रश्न आहे आणि तो विचारल्यावाचून राहू नये. थांबण्याची जी जादा ताकद आपण विकत घेतो, ती कुणाची? माझं उत्तर असं की पैसे आपले असले तरी ती ताकद समोरच्याची असते. आपण तिचे फक्त विश्वस्त.

आधी पॅड काय करतो आणि काय करत नाही, हे नीट पाहू. गाडी शेवटी थांबवतो तो टायर. मूळचे पॅड धड असतील आणि पेडल करकचून दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सुरू होत असेल, तर टायरची पकड तिथेच संपलेली असते. त्या एका थांबण्यात भारी पॅड फारशी भर घालू शकत नाही. त्याचा उपयोग दिसतो तो उष्णतेत. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती बहुतेक सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. पुन्हा पुन्हा ब्रेक लावला की साधा पॅड तापून पकड सोडू लागतो. पेडल टणक लागतं, पण गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. जगदलपूरहून रायपूरला परतताना केशकाल घाटाची बारा वळणं उतरावी लागतात. भरलेली गाडी, मागे ट्रक, चालवणारा खालच्या गिअरचा आधार न घेता नुसत्या ब्रेकवर विसंबलेला: अशा वेळी उष्णता सोसणारा पॅड खरोखर जीव वाचवू शकतो. उलट शर्यतीसाठी बनवलेला पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाही. डिसेंबरच्या सकाळी रायपूरच्या जीई रोडवरच्या पहिल्याच सिग्नलला तो मूळच्या पॅडपेक्षा कमी पडू शकतो. पूर्ण सपाट शहरात रोज फिरणाऱ्या गाडीत तो बसवणं म्हणजे पैसे मोजून धोका घेणं. इथवरचं काम तांत्रिक आहे, आणि सोपं आहे.

अवघड भाग पुढे येतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असं धरा. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात ती सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी सुमारे १८ मीटर. आता सढळ हाताने मान्य करू की नव्या पॅडमुळे ब्रेकचं अंतर दहा टक्क्यांनी घटलं. म्हणजे पावणेदोन मीटर वाचले. हे पावणेदोन मीटर परत गमवायला वेग किती वाढावा लागतो? गणित मांडलं तर ताशी दोन-अडीच किलोमीटर, बस. काटा किंचित सरकतो, चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही आणि सगळी कमाई खर्च होते. ती खरोखर खर्च होते याला दाखलाही आहे. म्युनिकमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस होतं, काहींना नव्हतं. अपघातांचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं, आणि निरीक्षकांना एबीएसवाले चालक वळणं अधिक जोरात घेताना दिसले. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ साली मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो: प्रत्येकाने मनाशी जोखमीची एक पातळी ठरवलेली असते, आणि सुरक्षितता हाती आली की माणूस तिचा वेग करून ती पातळी पुन्हा गाठतो.

यावर कुणी म्हणेल, मग पॅड बदलूच नयेत. स्वभाव बदलणार नसेल तर यंत्र सुधारून काय उपयोग? हा आक्षेप दमदार आहे, पण तो प्रवृत्तीला नियती समजतो. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी सारथी. तिथे घोडे मारून टाकायला कुणी सांगत नाही, आणि लगाम बळकट आहे म्हणून प्रवास पार पडेल असंही म्हटलेलं नाही. लगाम कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. म्युनिकच्या चालकांनी वाचलेलं अंतर खर्चून टाकलं, यातून ते खर्चावंच लागतं असं सिद्ध होत नाही. खर्चाचा मोह मोठा आहे, एवढंच दिसतं; आणि मोह आहे म्हणूनच तर व्रत असतं.

दुसरा आक्षेप हेतूचा. माझ्या मनात कुणाला इजा करायचं नव्हतं, गाय अचानक आडवी आली, यात माझा काय दोष? इथे आपल्या परंपरेचं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं काटेकोर आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनांच्या अपघातांचा विचार आहे. (त्या ग्रंथातली जातवार दंडव्यवस्था मला सर्वस्वी अमान्य आहे, हा भाग तेवढा वेगळा काढून पाहतो.) बैलाची वेसण तुटली, जू मोडलं, आस किंवा चाक तुटलं, किंवा सारथ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितलं असेल, तर दंड नाही. पण सारथी अकुशल असेल तर मालकही सुटत नाही, आणि त्या गाडीत बसलेलेसुद्धा दंडाला पात्र ठरतात. हे नियम बैलगाडीच्या वेगाचे. १८७७ साली किशोरवयीन नरेंद्रनाथ, पुढचे विवेकानंद, रायपूरला आले तेव्हा नागपूरपुढचा प्रवास बैलगाडीचाच होता. त्या चालीला वेसण तुटणं ही खरोखर दैवाची गोष्ट होती. पॅड झिजणं दैव नव्हे. थर किती उरलाय हे डोळ्यांनी दिसतं, ब्रेक ऑइल ओलावा शोषून जुनं झालं हे तपासता येतं. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला जागा दिली आहे: बेसावधपणातून प्राण जाणं म्हणजे हिंसा. हेतू स्वच्छ होता, एवढ्याने ती टळत नाही. भारी पॅड बसवून त्याच्या भरवशावर मोबाइलकडे नजर टाकणारा माणूस या व्याख्येत बसतो. घासलेले पॅड तसेच वापरणाराही बसतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. वेगात आनंद आहे, आणि आनंद हे पाप नव्हे. अगदी मान्य. चांगल्या गाडीचं वळणात बसणं, पेडलखाली पॅडने हळूहळू वाढत धरणं, यात कारागिरीचं खरं सुख आहे. पण ज्या रस्त्यावर दुसऱ्या कुणी त्या जोखमीला संमती दिलेली नाही, तिथे ते सुख उधारीचं असतं. बंद ट्रॅकवर वाचलेले मीटर हवे तसे उधळावेत. तिथे उतरलेल्या प्रत्येकाने खेळ मान्य केलेला असतो. नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते ट्रॅकसारखे दिसतात खरे, पण पावसाळ्यात छत्तीसगडच्या रस्त्यांवर रात्री गुरं कोरड्या डांबरावर बसलेली असतात, आणि त्यांनी कशालाच संमती दिलेली नसते.

छत्तीसगडी गावांत दुसऱ्यासाठी आपलं आवरून धरण्याला एक सुरेख शब्द आहे: रोका-छेका. खरिपाच्या पेरण्या झाल्या की मोकाट गुरं आवरून धरायची ही जुनी रीत. २०२० मध्ये राज्य सरकारने त्याच नावाने मोहीमही काढली. गाय माझी, दावं माझं, पण बांधायचं ते दुसऱ्याच्या उभ्या पिकासाठी. भारीतला पॅड घेताना मनात धरायचा करार नेमका हाच आहे. पॅड बसवल्यावर आधी मोकळ्या रस्त्यावर हलके हलके ब्रेक लावून तो डिस्कवर बसू द्यावा लागतो. त्याच आठवड्यात आपला नेहमीचा वेगही लिहून ठेवावा, आणि महिन्याभराने काटा तिथेच आहे का ते पाहावं.

केशकाल घाटात तेलिन मातेचं देऊळ आहे. वाहनवाले तिथे गाडी बाजूला घेतात, हात जोडतात, नारळ फोडतात. घाट उतरताना तिथे थांबलेल्या गाडीची डिस्क तेवढ्या वेळात निवते.