मनात कोण उरले?

माऊली, नातवंडांच्या हाती आता करमाडलाही मोबाईल आहे. २०२४ साली त्यावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. १९७२ ते १९७४ या काळात आपल्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातील मानवतला, गुप्तधनाचा लोभ आणि अंधश्रद्धा यांपायी स्त्रिया व कोवळ्या मुली मारल्या गेल्या, त्याची ही कथा. चौदा वर्षांच्या मुलाने असे पाहावे का?

रक्त कीर्तनातही येते. नरसिंह हिरण्यकश्यपूचे पोट फाडतो; पण श्रोता मनात घेऊन जातो तो प्रल्हादाला. परीक्षा हीच. पाहून उठल्यावर मुलाच्या मनात कोण उरले, मारणारा की मारली गेलेली लेक?

१३+, १६+ हे शिक्के वय सांगतात, मन सांगत नाहीत. शिक्का जरूर पाळा. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. शेजारी बसा, विचारा. मुलगा मारणाऱ्याचाच रुबाब सांगू लागला, तर त्याची वेळ अजून आलेली नाही. त्या लेकींसाठी त्याचा जीव कळवळला, तर लोभाचे फळ त्याला उमगले.

राम कृष्ण हरि.