फुंकणी आणि रथ

जुन्या कोकणी स्वयंपाकघरात चुलीपाशी लोखंडी फुंकणी असे. आषाढात लाकडं सर्दावलेली, जाळ धरता धरत नसे. घरातली बाई वाकून फुंकणी तोंडाला लावी, दोन-तीन लांब फुंकरा घाली आणि धुमसणारं लाकूड भडकून उठे. चूल तीच, लाकूड तेच. वाढलेली असे ती फक्त हवा.

सुपरचार्जर ही इंजिनाची फुंकणी. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या जवळपास पंधरा पट हवा लागते. साधं इंजिन ती हवा स्वतःच्या श्वासानं ओढतं; पिस्टन खाली गेला की जेवढी येईल तेवढी. सुपरचार्जर इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो आणि हवा दाबून आत भरतो. हवा जास्त, तिच्या हिशेबानं पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. रूट्स नावाच्या दोन भावांनी 1860 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉनर्सव्हिल गावी दोन फिरत्या पाकळ्यांचं एक यंत्र बनवलं, ते पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालू लागलं. लोहाराच्या भात्याचंच हे पुढचं रूप. 1921 साली मर्सिडीजनं असा भाता लावलेल्या गाड्या लोकांपुढे मांडल्या, आणि मोटारींच्या जगात एक जुना प्रश्न नव्या कपड्यांत येऊन उभा राहिला.

आज हा भाता खोक्यात बसून घरी येतो. 1989 साली आलेली माझदा एमएक्स-5 ही दोन माणसांची उघडी गाडी घ्या. 1.6 लिटरचं इंजिन, ताकद 115 अश्वशक्तीच्या आसपास. अमेरिकेत आणि इंग्लंडात या जुन्या गाडीला सुपरचार्जरचा संच बसवणं हा कित्येकांचा घरच्या शेडमधला उद्योग आहे. खोक्यातून सुपरचार्जर निघतो, तो धरून ठेवणारा ब्रॅकेट निघतो, लांब बेल्ट, वेगळ्या मापाची पुली, मोठे इंजेक्टर आणि इंजिनाच्या संगणकाला नवा हिशेब शिकवणारी एक छोटी पेटी. गाडी जॅकवर उचलायची, खाली घोड्या लावायच्या, बॅटरीची तार सोडायची आणि जुना बेल्ट उतरवायचा. इथवर काम सोपं. पुढे सगळी करामत ब्रॅकेटची. सुपरचार्जरची पुली आणि इंजिनाची पुली एका रेषेत आल्या नाहीत तर बेल्ट कडेनं झिजतो, किंचाळतो आणि काही दिवसांत उडून जातो. म्हणून जाणती माणसं तिथे लोखंडी पट्टी आडवी धरतात, एक डोळा मिटतात आणि फटीतून येणारा उजेड बघतात. कागदाएवढी फट दिसली तरी नट पुन्हा सैल करतात.

सगळं बसलं की मग त्या माणसाच्या मनात येतं: आता ही गाडी तीच आहे का? आणि तिला घडवणाऱ्यानं मोजूनमापून जेवढं दिलं, त्याहून जास्त तिच्याकडून मागायचा आपल्याला काय अधिकार?

हे दोन प्रश्न घेऊन एका मोटारकंपनीत उभी फूट पडली होती. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना आपल्या गाड्यांवर सुपरचार्जर नको होता. ताकद हवी तर इंजिन मोठं करा. साडेचार लिटरच्या इंजिनाला बाहेरून भाता जोडला की त्या रचनेचा स्वभावच बिघडतो, असं त्यांचं मत. त्यांच्याच संघातले शर्यतपटू सर हेन्री बर्किन यांना ते मान्य नव्हतं. बर्किन यांनी डोरथी पॅजेट यांच्याकडून पैसा उभा केला, ॲम्हर्स्ट व्हिलिअर्स यांच्याकडून सुपरचार्जर घडवून घेतला, आणि ल मांच्या शर्यतीत उतरता यावं म्हणून कंपनीला अशा 50 गाड्या विक्रीसाठी बनवाव्या लागल्या. साध्या गाडीची ताकद 110 अश्वशक्ती, सुपरचार्जरवालीची 175, शर्यतीसाठी सज्ज केलेलीची 240. 1930 च्या ल मांमध्ये बर्किन यांच्या गाड्या शेवटापर्यंत टिकल्या नाहीत. पहिले दोन क्रमांक बेंटलीच्याच, पण साडेसहा लिटरच्या, भाता नसलेल्या गाड्यांनी पटकावले. त्याच वर्षी फ्रेंच ग्रां प्रीत बर्किन हलक्या, खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या मेळ्यात आपली अवजड गाडी घेऊन दुसरे आले. 1932 साली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर त्यांनी ताशी 222 किलोमीटरचा फेरीचा विक्रम केला, तोही भात्याच्याच गाडीवर.

कोण बरोबर? बेंटली यांच्या म्हणण्यात दोन गोष्टी एकात एक मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. घडवणाऱ्याचं मूळ रूप पवित्र, त्याला हात लावू नये, ही एक. ती फार काळ टिकत नाही. ज्या कंपनीच्या संस्थापकाला तो भाता नकोसा होता, त्याच नावाच्या कंपनीनं अलीकडे 1929 ची शर्यतीची गाडी सुटी करून, भाग न् भाग मोजून, तशाच 12 नव्या गाड्या घडवल्या; ज्या बदलाला विरोध झाला तोच आता ‘मूळ’ ठरला आहे. दुसरी गोष्ट मात्र पक्की आहे. इंजिनाचे सगळे भाग एकमेकांच्या भरवशावर मापलेले असतात. सुपरचार्जर गाडीच्या नाकाशी लटकला की पुढचा भार वाढतो आणि वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. आतली उष्णता वाढते, पेट्रोलची तहान वाढते. एका भागाला दिलेला जोर बाकीचे सगळे भाग सोसत असतात.

मराठी वाचकाला याच काळातलं आणखी एक उदाहरण जवळचं वाटेल. नीरेकाठच्या होळ गावाचं आडनाव मिरवणाऱ्या घराण्यातले, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे गाडी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन माणसांची देखणी बॉडी चढवून घेतली. ड्यूसेनबर्गचं साधं ‘जे’ इंजिन 265 अश्वशक्तीचं, सुपरचार्जरसह एसजे 320 ची, असं कंपनी सांगे. कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन निघालेल्या एसजे मोजक्याच. पुढे कित्येकांनी साध्या ‘जे’ गाड्यांना मागाहून सुपरचार्जर बसवले. आज संग्राहकांच्या लेखी या दोन जाती वेगळ्या आहेत. यंत्र तेच, आवाज तोच, रस्त्यावरचा जोरही तोच. तरी एकीला ‘अस्सल’ म्हणतात आणि दुसरीला ‘बदललेली’. अस्सलपणा धातूत कुठेच सापडत नाही. तो गाडीच्या इतिहासात असतो.

आपल्याकडे कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन टाकलं आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच कडकपणे सांगितलं. 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळू शकतो, तो गाडी मूळ रूपात राखली असेल तरच. तेव्हा रत्नागिरीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला घरच्या घरी सुपरचार्जर बसवणं हे बेकायदा काम आहे, आणि रस्ता सगळ्यांचा असल्यामुळे हा नियम योग्यही आहे. पण नियमानं तत्त्वाचा प्रश्न सुटत नाही.

त्यासाठी रत्नागिरीतच राहावं लागेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं, 1886 मध्ये इथे आणून ठेवलं, आणि डिसेंबर 1916 मध्ये इथेच त्याचा अंत झाला. त्याच्यासाठी बांधलेला वाडा 1910 साली पुरा झाला; थिबा पॅलेस म्हणून तो आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. राजा होण्यापूर्वी थिबा विहारात शिकलेला, पाली ग्रंथांच्या परीक्षा दिलेला तरुण होता. आणि ब्रह्मदेशाच्या बौद्ध परंपरेत ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ खुद्दकनिकायात, म्हणजे प्रत्यक्ष धर्मग्रंथांत गणला जातो. त्या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद रथातून भिक्षू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन त्याला विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. या सगळ्यांहून निराळा असा रथ कुठे आहे का? तेही नाही. मग शेवटी राजाच कबूल करतो की या भागांच्या जुळणीला लोक रथ म्हणतात, एवढंच.

जुन्या मोटारीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकून हायसं वाटतं. गाडी म्हणजे भागांच्या जुळणीचं नाव. मग एक भाग जोडला तर बिघडलं कुठे? पण नागसेन त्याला एवढ्यावर सोडत नाही. त्याच ग्रंथात आंबेचोराचा दाखला आहे, आणि रत्नागिरीत तो सांगायला फार प्रस्तावना लागत नाही. एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले. धरला गेल्यावर म्हणाला, यानं जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते आंबे वेगळे. मग मी याचं काय चोरलं? राजा म्हणतो, तरीही तो दंडाला पात्र आहे, कारण हे आंबे त्याच आंब्यामुळे आले. वस्तू तीच राहत नाही आणि साफ दुसरीही होत नाही. एकातून दुसरी निपजत जाते, आणि केल्याचं ओझं त्या ओळीतून पुढे चालत राहतं.

हापूसच्या बागेत ही ओळ डोळ्यांनी दिसते. हापूसच्या कोयीतून हापूस उगवेल याची खात्री नसते, म्हणून रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. मराठीत कायद्याचंही कलम आणि आंब्याचंही कलम, हे साम्य इथे कामाला येतं. खालचा खुंट रायवळ, वरचा फांद्यांचा पसारा हापूस, आणि दोघांचं मिळून एक झाड. कोणी म्हणत नाही की हे झाड खोटं. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही अशाच कलमांच्या फळांना. मात्र जोडाच्या खालून रायवळाचे फुटवे येत राहतात आणि ते वेळच्या वेळी खुडावे लागतात. जोड एकदा बांधून विसरता येत नाही.

त्याच बागेत आणखी एक फुंकर घातली जाते. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढचं वर्ष हात आखडता घेतो. म्हणून पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझॉल देतात, बागायतदार त्याला कल्टार म्हणतात. ते झाडाची पालवीची ओढ आवरतं, मोहोर लवकर येतो, दरवर्षी येतो. चांगला बागायतदार त्याची मात्रा पसाऱ्याचा व्यास मोजून ठरवतो आणि त्या झाडाला खतपाणी वाढवून देतो, कारण आता त्याच्याकडून जास्त मागितलं आहे. दोन-चार वर्षांच्या करारानं बाग घेणारा कधी मात्रा वाढवतो आणि खताचा हात आखडतो. करार संपला की झाड थकलेलं उरतं, आणि ते मूळ मालकाच्या पदरात पडतं. कल्टारमध्ये पाप नाही. झाडाच्या पुढच्या वर्षांचा हिशेब दुसऱ्यावर ढकलण्यात आहे.

देवळाच्या बाबतीत परंपरा याहून कडक आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र अध्याय आहे. जीर्ण मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, दगडाची असेल तर पाण्यात सोडावी, आणि नवी बसवायची ती त्याच द्रव्याची, त्याच मापाची. तिथे भर घालायला जागा ठेवलेली नाही. हे समजण्यासारखं आहे. देवाकडून कोणी जादा ताकद मागून घेत नाही. तिथे आपणच मागणारे असतो. गाडीपाशी आपण हुकूम करणारे असतो, म्हणून तिथे मापाचा नियम आपला आपणच पाळावा लागतो. रत्नागिरीत दसऱ्याला अवजारांना, गाड्यांना झेंडूचे हार पडतात. त्या एका दिवशी काम थांबतं आणि वर्षभर ज्याच्याकडून घेतलं त्याच्यासमोर हात जोडले जातात.

सुपरचार्जरच्या संचात ब्रेक येत नाहीत. मोठा रेडिएटर येत नाही, नवा क्लच येत नाही. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटलं की पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन नॉक करतंय. तो आवाज काही मिनिटं जरी दुर्लक्षला तरी पिस्टनची कड वितळू शकते. म्हणून पहिल्या फेरीनंतर शहाणा माणूस गाडी लगेच कोणाला दाखवायला नेत नाही. इंजिन गार होऊ देतो, एकेक प्लग काढतो, फडक्यानं न पुसता उजेडाशी धरतो. टोकावरचा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडलेला असेल आणि त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक कण चमकत असतील, तर तो पुन्हा पाना हातात घेतो, बेल्ट उतरवून खिळ्याला अडकवतो आणि हवेचा दाब कमी करण्यासाठी मोठी पुली शोधायला लागतो.