उसने अभय

हबीबगंजच्या स्थानकास २०२१ साली राणी कमलापतींचे नाव मिळाले. वस्ती मात्र आम्हां भोपाळच्या मराठी मंडळींच्या तोंडी हबीबगंजच राहिली. येथे एका घरच्या कार्याला दुसऱ्या घरची पातेली जातात. देणाऱ्याची चूल अडणार नाही हे पाहूनच मागावे, असा शिरस्ता आहे. राष्ट्रे सैन्य उसने देऊ लागली की हाच शिरस्ता पाळणे बिकट होते.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सूदानात यादवी पेटली. आकोबो येथे आश्रितांचे रक्षण करताना दोन भारतीय सैनिकांनी प्राण वेचले. २४ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तेथील सैन्याची मर्यादा १२,५०० केली आणि काँगो, दार्फुर, आब्येई, आयव्हरी कोस्ट व लायबेरिया येथील शांतिपथकांतून सैनिक व सामग्री हलविण्यास मुभा दिली. नवे सैन्य जमविण्यास महिने लागतात. शेजारचे लवकर पोचते. संकटी धावून जाणे हा धर्मच होय.

परंतु सैनिक म्हणजे पातेले नव्हे. सैन्य देणाऱ्या देशांची संमती हवी आणि मूळ कार्यास बाध येऊ नये, असे ठरावात होते. पण ज्या खेड्याचा पहारा उठावयाचा, त्याची संमती कोणी घ्यावी? आपल्या ठेव्यातून दिले तर ते दान. दुसऱ्याच्या अभयातून दिले तर ते दान कसले? म्हणून पथक हलण्यापूर्वी मागे राहणाऱ्यांची सोय व परतीची तिथी ठरली पाहिजे, असे आम्हांस वाटते.