तुमचं पाणी



गेल्या जुलैतील गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही पायऱ्यांवर उभे होतो, तोच चर्चमागच्या आळीतल्या एक मावशी फाटकातून आत आल्या. छत्री होती, पण मिटलेली. पदर पिळत त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, तुमचं पाणी आमच्या पडवीत आलंय."

त्यावर आम्ही दिलेले उत्तर सांगायला आज लाज वाटते. "मावशी, पाऊस काय आम्ही पाडला?" असे आम्ही म्हणालो. मावशी हसल्या नाहीत. "पाऊस देवानं पाडला फादर, फरशी तुम्ही घातली," असे बोलून त्या आल्या तशा निघून गेल्या.

फरशी म्हणजे आपल्या आवारातले पेव्हर ब्लॉक. सणाच्या आधी ते बसवले तेव्हा आपल्याला सर्वांनाच आनंद झाला होता. चिखल गेला, गाड्या लावायला सोय झाली, लग्नाचे फोटो चांगले येऊ लागले. ब्लॉक घालण्यापूर्वी फूटभर भरावही केला होता, म्हणजे पाणी साचायला नको. ते आपल्याकडे साचले नाही. मग गेले कुठे, हा प्रश्न मात्र पॅरिश कौन्सिलच्या एकाही बैठकीत कोणी विचारला नाही. आम्ही अध्यक्षस्थानी होतो, आम्हीही विचारला नाही. पूर्वी मागच्या बाजूला माडांखाली एक खोलगट जागा होती आणि दसऱ्यापर्यंत तिथे पाणी असे. भराव त्या जागेवरही पडला.

'तुमचं पाणी' हे शब्द त्या दिवसापासून डोक्यात घर करून आहेत. पाणी कोणाचे, हा प्रश्न आपल्या वसईला नवा नाही. पण आजवर तो विचारला गेला तो टंचाईच्या अंगाने. विहिरींतले गोडे पाणी उपसून टँकर भरभरून जात होते, विहिरी मचूळ होत होत्या, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. पाणी आमचे आहे, ते आम्हाला न विचारता नेऊ नका, असे आपले म्हणणे होते आणि ते रास्त होते. मावशींनी तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. जे पाणी कोणालाच नको, ते कोणाचे? उन्हाळ्यात पाणी आमचे आणि जुलैत देवाचे, असे म्हणता येईल काय?

सेमिनरीत रोमन कायद्याचा थोडा अभ्यास होता. तेव्हा तो कंटाळवाणा वाटे, पण त्यातले एक प्रकरण आता आठवते. सम्राट जस्टिनियन यांच्या काळात, इ. स. ५३३ मध्ये जी 'डायजेस्ट' नावाची संहिता सिद्ध झाली, तिच्या ३९ व्या पुस्तकात पावसाच्या पाण्याच्या भांडणावर वेगळे प्रकरण आहे. वरच्या जमिनीवरून निसर्गतः जे पाणी खाली येते ते खालच्याने सोसले पाहिजे, त्यासाठी दावा लावता येत नाही. परंतु वरच्याने आपल्या हाताने काही काम करून ते पाणी अधिक किंवा अधिक जोराने खाली लोटले, तर खालच्याला दाद मागता येते. म्हणजे मावशींनी, कुठलीही संहिता न वाचता, नेमका तोच मुद्दा मांडला होता. पाऊस देवाचा. हात लावला की तो आपला.

हात किती लागला याचा हिशेब अवघड नाही. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे १०,००० लिटर पाणी झाले, एक मोठा टँकर. आपले आवार वीस गुंठ्यांच्या आसपास आहे. वसईत दिवसाला १०० मिलिमीटर हे काही नवलाचे नाही. माती आणि झाडे होती तेव्हा यातला बराच भाग मुरत असे, थांबत असे. सिमेंटवर जवळजवळ सगळा धावतो. शेजारच्या मुंबईत हाच हिशेब शहरभर चुकला. जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था आखताना तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरला होता आणि त्यातला निम्माच गटारात येईल असे मानले होते, निम्मा जमीन पिईल. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. त्यात पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरण्यास सांगितले आणि जमीन काही पिईल ही आशाच सोडून दिली. आकड्यातला हा बदल आम्हाला फार बोलका वाटतो. निम्मी जमीन कोणी एका माणसाने झाकली नव्हती. त्यानंतर २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्यापुढे कोणतीच व्यवस्था टिकली नसती, हेही खरे.

आता आपल्यातले एक इंजिनीअर बंधू आम्हाला म्हणाले, "फादर, मनाला लावून घेऊ नका. सगळ्या वसईने भराव केलाय. त्यात आपले वीस गुंठे म्हणजे काय?" ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीस याच्या नावावर एक कोडे आहे. धान्याचा एक दाणा म्हणजे रास नव्हे, त्यात एक दाणा घातला तरी रास होत नाही, आणखी एक घातला तरी नाही, मग रास होते तरी केव्हा? तर्काने सुटायला ते कोडे कठीण आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र रास नक्की होते आणि ती कोणाच्या दारात होते तेही दिसते. जुलै २०१८ मध्ये ती आपल्या मिठागरांत झाली. शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली, त्यांना होड्यांनी काढावे लागले. वसई-विरारची लोकल बंद पडली. भराव करायला मिठागरातल्या कामगारांकडे जमीनच नव्हती. पाण्याच्या वाटेवर सर्वांत खाली राहतो तो बहुधा असाच, ज्याचा दोष सर्वांत कमी. कुमसाराच्या तयारीत आपण जी यादी मनात घोळवतो, तिच्यात भराव बसत नाही, कारण त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नसते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ च्या आपल्या पत्रात सामाजिक पापाबद्दल लिहिताना म्हटले आहे की, ते पुष्कळ व्यक्तिगत पापांच्या साठ्यातून तयार होते, आणि टाळता येत असून जो आळसाने वा गप्प राहून टाळत नाही, त्याचाही त्यात वाटा असतो. वाटा, एवढेच. सगळा दोष नव्हे, पण शून्यही नव्हे.

इथे कोणी बिल्डरकडे बोट दाखवील. दाखवावे, पण त्याला वाडी विकली कोणी? आपल्या आजोबा-पणजोबांनी वाडीवाडीत बावखले खणली. निघालेल्या मातीने वाडीची उंची वाढवली, खड्ड्यात पावसाचे गोडे पाणी साठवले, त्यावर राहाट चालवून केळी आणि पानवेली पिकवल्या. पूर थांबवण्याची योजना म्हणून कोणी त्याकडे पाहिले नसेल, पण काम तेही होत होते. गुंठाभर आकाराचे दोन मीटर खोल बावखल म्हणजे दोन लाख लिटर पाणी. आपल्या आवारातला दिवसभराचा पाऊस त्यात बसला असता. आज आपल्या धर्मग्रामात किती बावखले उरली आहेत, ते मोजायला एका हाताची बोटे पुरतात. ती आपणच बुजवली. कोणी मुलाच्या बंगल्यासाठी, कोणी डासांना कंटाळून.

एका कुटुंबाने मात्र ठेवले आहे. त्या घरच्या कर्त्याने आम्हाला जे सांगितले ते ऐकून आम्ही निरुत्तर झालो. "फादर, सगळ्यांनी बुजवली, मी ठेवली. आता सगळ्या आळीचं पाणी, प्लास्टिक, सांडपाणी माझ्याकडे येतं. मी चांगला वागलो म्हणून मी सगळ्यांचं गटार झालो." एकट्याच्या चांगुलपणाची मर्यादा याहून स्पष्ट आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. आम्ही पुलपिटावरून 'आपापले पाणी आपापल्या जागेत थांबवा' असा उपदेश केला, तर जो ऐकेल तोच बुडेल. म्हणून हा प्रश्न आराखड्याचा आहे आणि म्हणूनच आराखडा हा निव्वळ कचेरीतला विषय नसून न्यायाचा विषय आहे. जो इतरांसाठी पाणी धरतो त्याला इतरांनी काय द्यावे, हे सर्वांनी मिळून ठरवल्याशिवाय त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करणे आम्हाला लबाडी वाटते.

आणि हे ठरवायचे तर ते गावाच्या वा वॉर्डाच्या हद्दीत भागत नाही. तुंगारेश्वराच्या डोंगरावर पडलेला पाऊस महामार्ग ओलांडतो, रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्यांतून वाट काढतो, मिठागरे आणि खाजणांत पसरतो आणि मग वैतरणेच्या किंवा वसईच्या खाडीला मिळतो. डोंगर वन खात्याचा, मोऱ्या रेल्वेच्या, रस्ते आणखी कोणाचे, नाले महानगरपालिकेचे. १९९० मध्ये नियोजन सिडकोकडे आले, २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०२१ मध्ये सगळ्या मुंबई महानगर प्रदेशाची २०३६ पर्यंतची प्रादेशिक योजना मंजूर झाली. नकाशे पुष्कळ झाले. पाण्याचा नकाशा मात्र एकच आहे. २०१८ नंतर पालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांना कारणे शोधायला सांगितले. नाले रुंद करण्याबरोबर पाणी तात्पुरते धरून ठेवणारे तलाव करा, असे त्यांनी सुचवले. यामागचे कारण आपल्यापैकी कोळी आणि आगरी बांधवांना शिकवायला नको. भरतीला खाडीच पाणी घेत नाही. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास जातात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली तर गटार कितीही रुंद असो, ते सहा तास पाणी कुठेतरी धरावेच लागते. बावखल ते धरत होते. विहिरीत पाणी मुरवणे चांगलेच, परंतु आपल्या पश्चिम पट्ट्यात जुलैत विहिरी काठोकाठ असतात, त्यामुळे त्याचा फायदा उन्हाळ्याला होतो, पुराला फारसा नाही. दोन्ही लागते. २०२० च्या राज्याच्या बांधकाम नियमांत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या जागेवरील नव्या बांधकामाला पाऊस साठवण्याची सोय सक्तीची आहे. जुनी घरे आणि आपल्यासारखी आवारे त्यातून सुटतात.

सुटलो, असे म्हणून आम्हाला बसवत नाही. चर्चचे छप्पर साधारण ६०० चौरस मीटर आहे. १०० मिलिमीटरच्या दिवशी त्यावरून ६०,००० लिटर पाणी उतरते आणि मावशींच्या आळीकडे जाते. त्याच चर्चसाठी मे महिन्यात आम्ही टँकर मागवतो. जमाखर्चाच्या वहीत त्याची बिले आहेत, कोणीही पाहावीत.

पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही असे ठेवले आहे: मागच्या बाजूचे ब्लॉक उचलून तिथला भराव काढावा, ती जागा पूर्वीसारखी खोलगट करावी आणि छपराचे पाणी, पहिले दोन-तीन पाऊस सोडून, गाळून जुन्या विहिरीत न्यावे. यात पंधरा-सोळा गाड्यांची जागा जाईल. दोघा सदस्यांनी विरोध नोंदवला आहे. वयस्कर माणसांनी लांबून चालत यायचे काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही आणि त्याचे उत्तर अजून आमच्याकडे नाही. पालिकेला पत्र पाठवायचे की नाही यावरही मतभेद आहे. काहींना वाटते, आधी आपले अंगण नीट करावे. आम्हाला वाटते, दोन्ही एकदम करावे, कारण आपले अंगण कितीही नीट केले तरी रुळाखालची मोरी त्याने उघडणार नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये यावर बैठक आहे. ज्यांना आठवते की ब्लॉक घालण्यापूर्वी, त्याही आधी जुनी शाळा होती तेव्हा, आवारातले पाणी कोणत्या बाजूने जात असे, त्या ज्येष्ठांनी जरूर यावे. मागच्या आळीतल्या मावशींना आम्ही स्वतः जाऊन बोलावले आहे. त्या म्हणाल्या, पाऊस नसेल तर येईन.