जादा मोटार

यंत्रमानव-स्पर्धेसाठी संघ काढायचा म्हटले, की मुले हटकून विचारतात, "सर, जिंकू ना?" मग मी विचारतो, "समोरच्या संघाची मोटार जळाली आणि आपल्यापाशी एक जादा आहे. द्याल?" वर्ग गप्प होतो.

डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे, एका शाळेच्या व्यायामशाळेत, तिची पहिली स्पर्धा झाली. संघ होते २८. १९९९ पासून तेथे संघ एकमेकांना जोडून खेळतात. पात्रता फेरीत या आघाड्या दर सामन्याला बदलतात. सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी सोबती!

कोणी म्हणेल, मग मोटार देणे हा नुसता व्यवहारच की! असेलही. पण अंतिम सामन्यात, पुढे काही मिळायचे नसताना, एखादा मुलगा मोटार काढून देतो तेव्हा? तेव्हा व्यवहार संपतो आणि माणूस सुरू होतो. बंद पडलेल्या यंत्रावर मिळवलेला विजय कोणावर मिळवला म्हणायचा?

म्हणून माझे म्हणणे एवढेच: संघ काढाल त्याच दिवशी पेढ्यांचा मुहूर्तही ठरवा. चषक येईल तेव्हा नव्हे; मोटार द्याल त्या संध्याकाळी, हरला असाल तरीही.